साडेसहा ते साडेबारा

पोरांनो, तुम्हाला झाडाखालच्या भुताची, उलट्या पायांची गोष्ट पाहिजे असेल तर दुसऱ्या कुणाला तरी धरा. माझ्याकडे एकच गोष्ट आहे, आणि ती नगरपालिकेची आहे. हसा, हसून घ्या. नगरपालिकेत भूत कसलं, असं तुम्हाला वाटतंय, कारण एका सहीसाठी चार खेपा घालायची वेळ तुमच्यावर अजून आलेली नाही. ज्या माणसाच्या बाबतीत हे घडलं तो माझ्या समोर बसून रोज चहा प्यायचा. त्याने मला एका बैठकीत सगळं सांगितलं. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

तर मंगळवार, नोव्हेंबरची अठरा तारीख. अकरा वर्षं झाली त्याला. रात्री दहाला पाच कमी असताना बांधकाम खात्याचे कारकून, ज्यांना सगळं ऑफिस भाऊसाहेब म्हणायचं, ते घरातून निघाले. एका हातात काळ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत ब्रश, फडकी, रॉकेलची बाटली आणि बॅटरी. बायको दारात आली.

“आत्ता कुठे निघालात?”

“बोर्ड रंगवायचाय. फरशीवरचा.”

“रात्री दहाला?”

“उद्या साहेब बघायला येणारेत.”

“मग संध्याकाळपासून काय करत होतात?”

भाऊसाहेबांनी चपला चढवल्या आणि जिना उतरले. बायकोला काय सांगणार? संध्याकाळपासून रस्ता सामसूम व्हायची वाट बघत होतो, असं?

आता ही फरशी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावाच्या टोकाला, समुद्रात, एक छोटं बेट होतं. वर जुनं दीपगृह, चार बाकं, रविवारी फिरायला येणारी माणसं. गावापासून बेटापर्यंत दगडी रस्ता, अर्धा किलोमीटरचा, जेमतेम एक गाडी जाईल एवढा रुंद. त्याला फरशी म्हणायचे. ओहोटीला ती कोरडी, भरतीला तिच्यावर पुरुषभर पाणी. मध्ये खोलगट भाग आहे, तिथे पाणी सगळ्यात आधी येतं आणि दोन्ही बाजूंनी एकदम येतं. म्हणून फरशीच्या तोंडाशी एक मोठा काळा पत्रा उभा केला होता. त्यावर सात ओळी, सात वार, आणि प्रत्येक वारापुढे पांढऱ्या रंगात दिवसाची सुरक्षित वेळ. अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत जा, बाकी वेळी पाय ठेवू नका.

आमच्याकडे प्रत्येक खात्याचा वार ठरलेला. सोमवारी बांधकामवाले फलक लिहिणार. मंगळवारी सफाईवाले बेट झाडणार. बुधवारी गटारं, गुरुवारी रस्त्यावरचे दिवे, शुक्रवारी आम्ही पंपघरवाले हौद धुणार. आणि शनिवारी सगळ्या खात्यांचा आठवड्याचा गोषवारा मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर. गोषवाऱ्यात प्रत्येक काम झालेलंच असायचं. खाली रस्त्यावर ते झालेलं असो वा नसो, कागदावर आमचं गाव चकाचक होतं.

फलक लिहायचं काम भाऊसाहेबांचं. खरं तर बंदर कचेरीतून दर आठवड्याला भरतीचा तक्ता यायचा आणि तो बघून लिहायचं. पण तो तक्ता वेळेवर आला तर ऑफिसात पेढे वाटावे लागले असते. मग भाऊसाहेबांनी एक युक्ती काढली. भरती रोज थोडी थोडी पुढे सरकते. सरकत सरकत चौदा दिवसांनी जवळपास त्याच वेळेवर येते, फक्त चाळीस मिनिटं अलीकडे. म्हणून दोन आठवड्यांपूर्वीचा कागद काढायचा, चाळीस मिनिटं वजा करायची, झाला नवा तक्ता. ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘वजाबाकी’ म्हणायचे ते यावरून. बारा वर्षं हे चाललं आणि एकदाही चुकलं नाही. नंतर खरा तक्ता आला की ते ताडून बघायचे आणि मिशीत हसायचे.

पण दोनऐवजी एकाच आठवड्यापूर्वीचा कागद हातात आला तर? तर सगळं उलटं होतं. भरतीच्या जागी ओहोटी पडते आणि ओहोटीच्या जागी भरती.

त्याच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी, दहा तारखेला, भाऊसाहेबांना मेव्हण्याला आणायला स्टेशनवर जायचं होतं. घाई होती. फायलीत वरचा कागद उचलला, चाळीस मिनिटं वजा केली, फलक लिहिला आणि चार वाजता निघाले. मंगळवारपुढे त्यांनी लिहिलं, सकाळी साडेसहा ते दुपारी साडेबारा. खरी वेळ होती दुपारी एक ते संध्याकाळी सात.

आणि मंगळवारी सकाळी मावशी आल्या.

सफाई खात्यातल्या मावशी. ठेंगण्या, काटक, लांब दांड्याचा झाडू खांद्यावर बंदुकीसारखा. वीस वर्षं दर मंगळवारी बेट त्याच झाडायच्या. एकट्या बाईमाणसाला तिकडे पाठवू नये असं कुणीतरी एकदा म्हणालं, तर मावशी म्हणाल्या, “तिथे आहे कोण मला त्रास द्यायला? तुम्ही सगळे तर इथे ऑफिसात असता.” अशी बाई.

मावशींना लिहायला-वाचायला येत नव्हतं. नोकरीला लागल्या तेव्हा कागदावर अंगठाच होता. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी नगरपालिकेच्या रात्रशाळेत नाव घातलं आणि दोन वर्षांत वाचायला शिकल्या. आणि शिकल्यावर गप्प बसतील तर त्या मावशी कसल्या? दिसेल ते मोठ्याने वाचायच्या. दुकानाच्या पाट्या, औषधाची खोकी, आमच्या टेबलावरचे गोपनीय कागद. दर मंगळवारी फरशीवर उतरण्याआधी फलकासमोर उभ्या राहून, ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर सुटं करून वाचायच्या आणि मगच पाय पुढे टाकायच्या. भाऊसाहेबांना भेटल्या की म्हणायच्या, “तुमचा सहा जरा नीट काढत जा हो, मला शून्यासारखा दिसतो.”

त्या सकाळी त्यांनी वाचलं, साडेसहा ते साडेबारा. साडेसहाला फरशीच्या खोलगट भागात घोटाभर पाणी होतं. फलकावर साडेसहा म्हटलंय म्हणजे हे पाणी उतरतंय, शेवटचं राहिलंय, असं कुणालाही वाटलं असतं. त्या उतरल्या आणि नेहमीसारखी वाटेतली वाळू, शेवाळ झाडत पुढे निघाल्या. पाणी उतरत नव्हतं... चढत होतं.

दुपारी पाणी हटलं तेव्हा त्या दीपगृहाच्या पायऱ्यांच्या अलीकडे सापडल्या. पंधरा पावलं राहिली होती.

सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसात बातमी आली की मावशींना कुणीतरी फरशीवर जाताना पाहिलं आणि त्या परत आलेल्या नाहीत. भाऊसाहेबांनी फाइल उघडली. कागदावरची तारीख बघितली. एकाच आठवड्यापूर्वीची होती. पण त्यांनी त्या वेळी केलं काय? रॉकेलची बाटली घेतली, रंग घेतला आणि फलकाकडे गेले. किनाऱ्यावर दीडशे माणूस जमलं होतं. सगळे पाण्याकडे बघत होते, फलकाकडे सगळ्यांची पाठ होती. भाऊसाहेबांनी सातही ओळी पुसल्या आणि बरोबर वेळा लिहिल्या. पोलीस आले तेव्हा फलक अगदी खरा बोलत होता.

मग चौकशी बसली. चौकशी अधिकारी उपमुख्याधिकारी, माणूस वाईट नाही, पण कागदापलीकडे बघायची सवय नाही. त्यांनी मावशींची सेवापुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर अंगठा. झालं, निष्कर्ष तयार! ‘मयत कर्मचारी निरक्षर असल्याने फलकावरील सूचना वाचू शकल्या नाहीत व त्यांनी चुकीच्या वेळी प्रवेश केला.’

पुढच्या सोमवारी मावशींची मुलगी ऑफिसात आली. सरकारी दवाखान्यात कामाला होती, तिथूनच आली होती, निळा कोट अंगावर तसाच. हातात रात्रशाळेची वही. सरळ भाऊसाहेबांच्या टेबलाशी.

“भाऊसाहेब, आईला वाचता येत होतं.”

“हो... म्हणजे... ऐकलं होतं मी.”

“ऐकलं होतं काय? तुमच्यासमोर वाचायची ती. तुमच्या सहाला नावं ठेवायची. घरी येऊन सांगायची आम्हाला.” तिने वही उघडली. पानभर वार लिहिले होते, सोमवार, मंगळवार, वळणदार, शाळेतल्या मुलीसारखे. “मला बाकी काही नको. ती वाचता न येणारी बाई म्हणून गेली, असं कागदावर राहायला नको. दोन वर्षं रोज रात्री बसलीय ती या वहीवर. तुम्ही साहेबांना एवढंच सांगा, की तिला येत होतं.”

भाऊसाहेबांनी वहीकडे बघितलं. एका वाक्याचं काम होतं. पण मावशींना वाचता येत होतं म्हटलं की साहेब पुढचा प्रश्न विचारणार. मग त्यांनी वाचलं काय?

“बघतो,” भाऊसाहेब म्हणाले.

“बघतो म्हणजे?”

“बघतो म्हटलं ना! ठेव ती वही.”

तिने वही ठेवली नाही. काखेत घेतली आणि गेली. भाऊसाहेबांनी समोरच्या कागदावर उगाच शिक्का मारला. त्यांना स्वतःची किळस आली, असं त्यांनीच मला सांगितलं, याच शब्दांत.

मंगळवारी संध्याकाळी उपमुख्याधिकारी म्हणाले, “उद्या नऊला तो फलक एकदा जाग्यावर बघतो आणि अहवालावर सही करून टाकतो.” भाऊसाहेब घरी जाताना फरशीच्या तोंडावरून गेले. सूर्य बुडायला आला होता, तिरपा उजेड फलकावर पडला होता. आणि त्या तिरप्या उजेडात मंगळवारच्या ओळीत, नव्या आकड्यांच्या मागे, जुने आकडे दिसत होते. रॉकेलने रंग निघतो, पण वर्षानुवर्षांच्या पत्र्यावर त्याची पुसट छाया राहते. एक नाही, सगळेच्या सगळे आकडे. त्यांचाच तो शून्यासारखा दिसणारा सहा.

म्हणून काळा डबा. आता कळलं?

दहा वाजून दहा मिनिटांनी ते फलकापाशी पोचले. तिथे एक दिव्याचा खांब आहे. तो दिवा दुरुस्त केल्याचं गोषवाऱ्यात तीन आठवडे लागोपाठ आलं होतं, त्यामुळे तिथे काळोख होता. चंद्र नव्हता. समुद्र लांब गेला होता, अगदी लांब, त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. त्या रात्री ओहोटीची सगळ्यात खालची वेळ होती दहाला दहा कमी. पाऊण वाजेपर्यंत फरशीवर पाण्याचा थेंब येणार नव्हता. हे भाऊसाहेबांनी दोन वेळा तपासलं होतं. खऱ्या तक्त्यावरून.

बॅटरी दगडावर टेकवली आणि काम सुरू केलं. वरपासून खालपर्यंत एक हात, मग आडवा एक हात. रंग जाड होता. मंगळवारची ओळ आली तेव्हा त्यांनी तिकडे बघितलं नाही, नुसता ब्रश फिरवला. साडेदहाच्या आत सगळा पत्रा काळाभोर. भाऊसाहेबांनी सुस्कारा सोडला. जरा सुकला की नव्या वेळा लिहायच्या, घरी जायचं, उद्या नऊला सही. मग कुणी काही विचारणार नाही.

तेवढ्यात आवाज आला.

खर्र... खर्र...

फरशीवरून. बेटाच्या बाजूने.

भाऊसाहेबांनी मान वळवली. ओल्या दगडावर झाडू ओढल्यासारखा आवाज. सावकाश. दोन हात मारायचे, थांबायचं. दोन हात मारायचे, थांबायचं. बॅटरी मारली. उजेडात दगड दिसले. ओले, रिकामे दगड. पुढे धुकं.

खर्र... खर्र...

वारा असेल, ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. वारा नव्हता.

आवाज पुढे येत होता. घाई नाही. काम करणाऱ्या माणसाच्या चालीने. खोलगट भागाशी आला... तो ओलांडला... अलीकडे आला. भाऊसाहेबांना पळायचं होतं. पाय हलेनात. खाली बघितलं तर पायांभोवती पाणी.

घोटाभर.

पाणी! दहा वाजून चाळीस मिनिटांनी! समुद्र कुठल्या कुठे, आणि इथे पाणी. गार. त्याला लाट नाही. आवाज नाही. नुसतं... वर येत होतं.

खर्र.

फलकाच्या समोर येऊन झाडू थांबला.

मग काहीच नाही. किती वेळ... त्यांना सांगता आलं नाही. गुडघ्याला पाणी लागलं एवढं कळलं. समोर काळा पत्रा. कोरा. ओल्या रंगावर बॅटरीचा उजेड चमकत होता. आणि त्यांच्या उजव्या खांद्याजवळ, थोडं खालून, ठेंगण्या माणसाच्या उंचीवरून...

“मं... ग... ळ... वार.”

त्या पत्र्यावर एक अक्षर नव्हतं, पोरांनो.

“सु... र... क्षि... त. सुरक्षित... वेळ.”

आवाज नेहमीचा होता. रागाचा नाही. रडका नाही. शाळेत फळ्यापुढे उभं राहून वाचावं तसा. चुकू नये म्हणून जपून.

“स... काळी... सा... डे... स...”

थांबला.

“सहा. साडेसहा... ते... दुपारी... साडे... बारा.”

कमरेला पाणी. भाऊसाहेबांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढेही ते आकडे दिसत होते. हात वर होते, ब्रश हातात तसाच.

वाचून झालं.

मग तो आवाज, अगदी जवळून...

“बरोबर वाचलं ना, भाऊसाहेब?”

...

“भाऊसाहेब?”

...

पाणी छातीला लागलं. खारट वास नाकात. त्यांना मेव्हणा आठवला. स्टेशन आठवलं. त्या मुलीच्या काखेतली वही आठवली. दोन वर्षं रोज रात्री बसलीय ती.

“बरोबर वाचलं ना मी?”

“बरोबर वाचलंत!” भाऊसाहेब ओरडले. “बरोबर वाचलंत, मावशी! लिहिलं होतं तेच वाचलंत. मी चुकीचं लिहिलं. मी... मी पुसलं. मावशी, माझी चूक. माझी.”

आणि ते रडायला लागले. पन्नाशीचा माणूस, काळोखात, पत्र्यासमोर, लहान मुलासारखा.

डोळे उघडले तेव्हा पाणी नव्हतं. कपडे कोरडे. दगड होते तसे. ते तिथेच खाली बसले. बसल्या बसल्या त्यांना शेवटचं एक वाक्य ऐकू आलं. आता ते लांबून होतं, परत बेटाच्या बाजूने. तक्रार नव्हती त्यात. सहज सांगावं तसं.

“अजून एकांनी वाचलं होतं.”

मग खर्र... खर्र... करत तो आवाज धुक्यात गेला.

भाऊसाहेब त्या रात्री घरी गेले नाहीत. तिथेच बसले. पहाटे पत्रा सुकला तसा पांढरा रंग घेतला, नव्या आठवड्याच्या वेळा लिहिल्या, आणि सगळ्यांच्या खाली, ठळक अक्षरांत, ‘मंगळवार, अकरा नोव्हेंबर. येथे साडेसहा ते साडेबारा असे लिहिले होते.’ खाली सही. नऊला उपमुख्याधिकारी आले, त्यांनी वाचलं, आणि म्हणाले, “हे काय आहे?” भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. कागद, घाई, रॉकेल, सगळं. साहेब म्हणाले, “अहो, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?” असं म्हणाले खरे, पण अहवाल त्यांनी फाडला.

नवा अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं, ‘मयत कर्मचारी साक्षर होत्या व त्यांनी फलक बरोबर वाचला होता.’ मुलीला त्याची प्रत दिली. तिने ते वाक्य दोनदा वाचलं, घडी घातली आणि भाऊसाहेबांकडे न बघता निघून गेली. माफ केलं नाही तिने, आणि का करावं? भाऊसाहेबांवर खटला झाला, शिक्षा झाली, नोकरी गेली. सुटून आल्यावर मला भेटले तेव्हा म्हणाले, “झोप लागते रे आता.” आणि खरंच तोंडावर जरा तजेला होता.

तेव्हाच त्यांनी मला हे सगळं सांगितलं. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, “एक मात्र कळलं नाही. अजून एकांनी वाचलं होतं म्हणाल्या. कोण असेल?”

मी म्हटलं, “भास असेल. चहा घ्या.”

...

नाही, झोप आलेली नाही मला. थांबा जरा.

पंपघरात भिंतीवर एक पट्टी असते, समुद्राचं पाणी किती चढलं ते दाखवणारी. रात्रपाळीच्या माणसाने दर तासाला ती बघायची आणि वहीत लिहायची. अकरा तारखेच्या पहाटे पट्टी सांगत होती की पावणेचारपासून पाणी चढतंय. मी लिहिलं होतं ते. माझीच पाळी होती. सहाला सुटलो, सायकल काढली. फलक वाटेत लागतो. सहा वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्यासमोरून गेलो आणि वाचलं. साडेसहा ते साडेबारा. मला लगेच कळलं की हे उलटं आहे. पाणी तर चढतंय.

मी काय म्हटलं मनात? म्हटलं, बांधकामवाल्यांचा घोळ, निस्तरतील ते. आपल्या खात्याचं काम नाही. दुपारी भेटले की सांगू, जरा मजा करू.

पुढच्या वळणावर मावशी भेटल्या. खांद्यावर झाडू. म्हणाल्या, “सुटलात का? जा, झोपा आता.” मी म्हटलं, “हो मावशी.” बस, एवढंच. त्या वीस वर्षं तिथे जाताहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं वाटलं. आणि डोळ्यांवर झोप होती. एक पाय खाली टेकवला असता, दोन शब्द बोललो असतो... पाणी चढतंय मावशी, जाऊ नका. एवढेच शब्द.

चौकशीत मला कुणी बोलावलं नाही. मीही गेलो नाही. भाऊसाहेबांना नाही सांगितलं, तुमच्या काकूला ती वारेपर्यंत नाही सांगितलं. मावशींची मुलगी अजून त्याच दवाखान्यात आहे. दर महिन्याला मी तिच्यासमोर बसून रक्तदाब मोजून घेतो. ती म्हणते, “काका, जास्त येतोय, कसली काळजी करता?” मी म्हणतो, वय झालं.

भाऊसाहेबांच्या घरी मी मुद्दाम जाऊन आलो. चारही भिंती बघून आलो. स्वच्छ आहेत.

आता ती बॅटरी घे आणि चल आतल्या खोलीत. हो, जिथे मी तुम्हाला येऊ देत नाही तिथे. कपाटामागे मार उजेड. आता खिडकीच्या बाजूला. आता दारामागे. दिसली ती पांढरी रेघ? चारही भिंतींवर, एका पातळीत, जराही वाकडी नाही. बोट फिरव आणि जिभेला लाव. मीठच आहे. आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत आणि समुद्र इथून दोन किलोमीटर. तीन वेळा रंग दिला, तीन वेळा वर आली.

पहिल्या वर्षी घोट्याला होती.

थांब, मी उभा राहतो तिच्याशेजारी. बघ. हनुवटीला लागतेय.